वेबपत्त्याचे तुकडे करायला दरवेळी रेगेक्सच (मजकूर जुळवायचा नमुना) कशाला?

सह्यकडा: "एफ-५ या लोड बॅलन्सरच्या (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) आयरूलमध्ये, म्हणजे नियमांच्या स्क्रिप्टमध्ये, पत्त्याचा कोणताही भाग हवा असेल, तर एचटीटीपी::यूआरआय घ्यावे आणि त्यावर रेगेक्स चालवावा," हे रात्रपाळी यांचे कालचे विधान वाचून गप्प बसवले नाही. यूआरआयमध्ये मार्गाबरोबर प्रश्नचिन्हापुढची क्वेरीही (विनंतीचे जादा तपशील) येते. नुसता मार्ग हवा असेल तर एचटीटीपी::पाथ आहेच. मार्गातला पहिला खंड ठरावीक चिन्हावर मजकूर तोडणाऱ्या गेटफील्डने सहज मिळतो, फक्त मार्ग तिरप्या रेषेने सुरू होत असल्यामुळे दुसरा तुकडा मागावा लागतो. आमच्याकडे कोणीतरी यूआरआयमध्ये '/एपीआय' कुठेही सापडले की विनंती एपीआयच्या (प्रोग्रामांसाठीच्या सेवेच्या) पूलकडे, म्हणजे सर्व्हरांच्या गटाकडे, वळवली होती. लॉगिननंतर परतायचा '/एपीआय'वाला पत्ता क्वेरीत असलेले सगळे वापरकर्ते त्यामुळे दिवसभर चुकीच्या सर्व्हरवर जात राहिले.

रात्रपाळी: तो दोष रेगेक्सचा नव्हे, तो लिहिणाऱ्याचा आहे. सुरुवातीला टोपी (^, म्हणजे 'इथूनच सुरुवात') आणि शेवटी प्रश्नचिन्हाची सोय केली असती, तर हे घडले नसते. माझा नमुना एचएप्रॉक्सी या दुसऱ्या लोड बॅलन्सरवरही जवळजवळ तसाच चालतो. तुमचे गेटफील्ड तिथे कुठून आणणार?

सह्यकडा: एचएप्रॉक्सीत पाथला तसेच तुकडे करणारे फील्ड जोडता येते. मॅन्युअल वाचल्याशिवाय इतक्या ठामपणे लिहू नये.

उंबरठा: तुमचे भांडण चालू द्या, पण खरा धोका तुम्हा दोघांच्याही नियमांत आहे. आमचा नियम '/ॲडमिन'ने सुरू होणारा मार्ग अडवत असे. एकाने पहिल्या अक्षराच्या जागी टक्का-एकसष्ट (%61, म्हणजे 'a'चे सांकेतिक रूप) पाठवले, नियमाला ते ओळखता आले नाही, आणि मागच्या सर्व्हरने मात्र ते उकलून दार उघडले. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लोकेशन (मार्गानुसारचा नियम) जुळवण्याआधी पत्ता उकलून घेतो, आयरूलमधला पाथ तसा आपोआप उकललेला मिळत नाही.

रात्रपाळी: मग आधी यूआरआय::डीकोडने उकलून घ्या, प्रश्न मिटला.

उंबरठा: मिटत नाही. टक्क्याचे चिन्हच टक्का-पंचवीस (%25) असे लिहिले, तर एकदा उकलल्यावरही आत सांकेतिक अक्षर शिल्लक राहते, आणि मागचे ॲप्लिकेशन पुन्हा उकलत असेल तर तुमची तपासणी वाया जाते. प्रवेशाचा निर्णय ॲप्लिकेशननेच घेतला पाहिजे.

रात्रपाळी: ज्यांचे ॲप्लिकेशन पंधरा वर्षांपूर्वीचे आहे आणि मूळ कोडच हाती नाही, त्यांनी काय करावे? तिथे लोड बॅलन्सरखेरीज आम्हाला दुसरी जागाच नाही!

सह्यकडा: ही अडचण मला मान्य आहे. अशा वेळी निषिद्ध मार्गांऐवजी परवानगी असलेल्या मार्गांचीच यादी ठेवावी आणि टक्का असलेला मार्ग सरळ नाकारावा.

रात्रपाळी: हे पटते. पाथबद्दलही तुमचे बरोबर होते, असे नाइलाजाने म्हणतो. होस्टमधला (सर्व्हरच्या नावामागचा) पोर्ट क्रमांक तोडायला मात्र मी रेगेक्सच वापरणार.