शाळेत वीस मिनिटं बोलायचंय, तुम्ही काय सांगितलं असतं?

दत्तनगरची लेक:
परवा माझ्या जुन्या शाळेतनं फोन आला, दहावीच्या पोरींपुढं २० मिनिटं बोला म्हणाले, विषय काहीही, फक्त प्रेरणादायी पाहिजे. हो म्हणून बसले. तीन दिवस वही घेऊन बसतीय आणि लिहितीय सगळं मोठ्या माणसांचंच. १२ जानेवारी, फाशीचा दिवस, जवळ आला म्हणून आधी आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे लिहिले, मग डॉ. कोटणीस. पण हे पोरींना पाठ आहे, आणि माझं त्यात काय?

काल संक्रांतीची आवराआवर करताना माळ्यावरच्या डब्यात अम्माची कात्री सापडली. बिडीची. अंगठ्याच्या कड्याला तिनं गुंडाळलेली चिंधी अजून तशीच, तंबाखूनं काळी झालेली. नाकाला लावली आणि सगळं आठवलं. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी फडक्यातनं काढून पत्र्याचा तुकडा वर ठेवून भराभर कापायची, दिवसाला हजार बिड्या. मी सुपाला टेकून धडा मोठ्यानं वाचायची. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण मी अडखळले की मान वर न करता तेलुगूत म्हणायची, "मळ्ळी चदुवु." परत वाच. चुकले कुठं ते तिला आवाजावरनं कळायचं.

हे सांगू का स्टेजवर? की घरचं घरात ठेवू? तुम्हाला उभं केलं तर तुमच्या आयुष्यातलं काय सांगाल? मनापासनं विचारतीय.

पासवाला:
कात्रीच सांगा. सोबत घेऊनच जा. बाकी रात्री लिहितो, गाडी लागली.

तुटका मोर:
आमचा चादरीचा माग होता घरात. एकदा जॅकार्डच्या पुठ्ठ्याला, म्हणजे ज्याच्या भोकांवरनं नक्षी उठते त्याला, एक भोक चुकीचं पडलं आणि पुठ्ठे फिरून आले की तीच चूक परत, असं करत ६ चादरींवर मोराची मान तुटलेली. लांबनं बघितलं तर कळत पण नव्हतं. वडलांनी व्यापाऱ्यापुढं चादर उलगडून स्वतः बोट ठेवून दाखवलं, हे बघा इथं चुकलंय. ४ त्यानं कमी भावात ठेवून घेतल्या, २ परत. आई दोन दिवस वडलांशी बोलली नाही कारण त्याच आठवड्यात हप्ता होता, आणि तिचंही खरं होतं, घर तीच चालवायची. २००५ ला सोलापुरी चादरीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा वडील नव्हते. त्या दोनातली एक मी अजून पांघरतो. मला बोलायला सांगितलं तर ती उलगडून दाखवीन, आईचा राग पण सांगीन.

बाळीवेशीतला:
ताई रडवलालाव की वो सकाळसकाळी. आणि मोरवाले काका, तुम्ही पण.

रात्रपाळी:
कोटणीसांना वहीतनं काढू नका एवढं सांगते. मी नर्स आहे. लहानपणी वडील भैय्या चौकात त्यांच्या घरी घेऊन गेले होते, स्मारक आहे ते. १९३८ ला जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ ला तिकडंच वारले, वय फक्त ३२. तेव्हा मला ते फोटो बघून कंटाळा आला होता. २०२० ला कोरोनात पहिल्यांदा पीपीई किट घालायची वेळ आली, हात थरथरायलेत, चेन लागेना, आणि मला ते घरच आठवलं, का ते मलाही सांगता येणार नाही. मोठी माणसं आपल्याला अशी कधीतरी उपयोगी पडतात. दोन मिनिटं तरी द्या त्यांना.

तुटका मोर:
ताई, तुमच्यासारख्यांनी माझ्या भावाला वाचवलंय त्या वर्षी. नमस्कार तुम्हाला.

रात्रपाळी:
भाऊ बरे आहेत ना आता? शुगर असेल तर तपासत राहा म्हणावं.

कुंभारी फाटा:
आमची आई पण बिडीवालीच. २००६ ला कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुलात घर मिळालं, १० हजार घरं बिडी कामगार बायकांची. पहिल्या रात्री किल्ली पदराला बांधून झोपली. मधेच उठायची, दाराची कडी आतनं लावायची, काढायची, परत लावायची. भाड्याच्या खोलीत दाराला कडीच नव्हती आमच्या. त्या कडीचा आवाज सांगीन मी पोरींना, आणि हे घर आयांनी मोर्चे काढून मिळवलंय हे पण.

पासवाला:
डिसले गुरुजी घ्या एखादं उदाहरण म्हणून, आपल्या परितेवाडीचे. २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या उरलेल्या ९ जणांत वाटली. पोरींना आवडतं हे.

खडू:
मी शाळेत शिकवते त्यामुळं ऐकणाऱ्यांच्या बाजूनं सांगते. पोरी पहिली तीन मिनिटं बघतात, ही बाई आपल्यातली आहे का. तुमच्या अम्माचं वाक्य तेलुगूतच म्हणा, लगेच अर्थ सांगू नका. पूर्व भागातली शाळा असेल तर अर्ध्या वर्गाला कळेल, आणि त्या शेजारणीच्या कानात अर्थ सांगतील. बघा त्यांचे चेहरे तेव्हा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो हे लपवणाऱ्या पोरी मी दरवर्षी बघते. आणि अम्माला विचारलंत का, की तुमचं असं असं सांगणार आहे?

बाळीवेशीतला:
खडू मॅडम, आमच्या घरी कन्नडच, मी पाचवीपर्यंत मित्रांना घरी नेलो नाही त्यापायी. हे कधी कुणाला बोललो नव्हतो.

खडू:
बरं केलंत बोललात.

कुंभारी फाटा:
भाषण गड्ड्याच्या जत्रेआधी आहे का नंतर? नंतर असलं तर आईला घेऊन येते ऐकायला, शाळेनं बसू दिलं तर.

दत्तनगरची लेक:
नंतर आहे, २० तारखेला. या नक्की, मी बाईंशी बोलते.

खडू मॅडम, विचारलं नव्हतं, आत्ता फोन केला. अम्मा भावाकडं असते. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली सांग, पण पाठीला त्रास व्हायचा ते नको सांगू, पोरी घाबरतील. आणि ती चिंधी बदल म्हणाली, लोकं बघणार. नवीन पांढरी बांध.

चिंधी नाही बदलणार मी.

रात्रपाळी:
नकाच बदलू. नळ आला आमच्याकडं चार दिवसांनी, भरून येते.