नवीन ऑन्टॉलॉजी संज्ञेची मागणी: अर्जात काय सक्तीचे असावे?

प्रश्न:
वनस्पतींच्या जनुकांच्या नोंदी करताना जीन ऑन्टॉलॉजीत (जीओ, म्हणजे जनुकांची कार्ये सांगणाऱ्या प्रमाणित, परस्परांशी जोडलेल्या संज्ञांचा संग्रह) नेमकी संज्ञा सापडली नाही, की आमचे क्युरेटर (नोंदी करणारे तज्ज्ञ) नव्या संज्ञेची मागणी ईमेलने पाठवतात, आणि ती मागणी कुठे अडली हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही. यासाठी छोटे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आहे. नाव आणि व्याख्या यांखेरीज अर्जात काय सक्तीचे ठेवावे?

पहिले उत्तर:
जनक संज्ञा (नवी संज्ञा जिच्याखाली येईल ती व्यापक संज्ञा) आणि व्याख्येला आधार देणाऱ्या शोधनिबंधाचा पबमेड (जैववैद्यकीय शोधनिबंधांची सूची) क्रमांक. शिवाय नाव टंकतानाच समानार्थी शब्दांतही शोध व्हावा. ‘अपॉप्टोसिस’ लिहिणाऱ्याला ‘अपॉप्टॉटिक प्रोसेस’ (जीओ:०००६९१५) तिथेच दिसली, तर अनावश्यक मागणी उंबरठ्यावरच थांबते.

दुसरे उत्तर:
साच्यांवरून नव्या संज्ञा तयार करणाऱ्या टर्मजिनी या वेब-साधनाविषयीचा २०१४ चा शोधनिबंध वाचा. ‘अमुक प्रक्रियेचे नियमन’ अशा ठरावीक साच्यातील संज्ञांसाठी क्युरेटरने केवळ प्रक्रिया निवडायची. नाव, व्याख्या आणि तार्किक सूत्र साच्यातून तयार होते, तर तीच संज्ञा आधीपासून आहे का हे तपासून रीझनर (तार्किक निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) संग्रहातील तिची जागा ठरवतो. साच्यात न बसणाऱ्या मागण्या मात्र गिटहब या संकेतस्थळावरील जीओच्या चर्चेतच न्याव्यात, कारण तिथला वाद जीवशास्त्राचा असतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मंजुरीपर्यंत तात्पुरता क्रमांक द्यावा का?

पहिले उत्तर देणारे:
द्यावा, परंतु तो जीओच्या सात अंकी क्रमांकासारखा दिसू देऊ नका. आमच्याकडे असा एक क्रमांक थेट अंतिम नोंदींत शिरला आणि तो निस्तरण्यात दोन दिवस गेले.