म्हणे विमानांचे पंख मोडणार! जरा दमानं घ्या

जुना_स्ट्रेसवाला: काल इथे एकाने लिहिलं की हवामान बदलामुळे दहा वर्षांत विमानांचे पंख हवेतच मोडायला लागतील, आणि खाली लोक हात जोडतायत. अरे काय चाललंय? मी आयुष्यभर पंखांचं स्ट्रेस ॲनालिसिस, म्हणजे कुठे किती ताण येतो त्याचा हिशोब, केलं, हिंजवडीच्या ट्रॅफिकात केस पांढरे केले, म्हणून सांगतो. नियमात समुद्रसपाटीला सेकंदाला ५६ फूट वेगाचा गस्ट (वाऱ्याचा अचानक झोत) धरून लोड काढतात, वर दीडपट मार्जिन. १९९५ मध्ये बोइंगने ७७७ चा पंख मुद्दाम मोडेस्तोवर वाकवला, लिमिट लोडच्या, म्हणजे उडताना येऊ शकेल अशा सगळ्यात मोठ्या भाराच्या, १५४ टक्क्यांना मोडला. झोपा आता.

वारा_खातोय: काका, मार्जिन मान्य, पण ५६ आला कुठून? गेल्या शतकात विमानांनी उडता उडता नोंदवलेल्या धक्क्यांवरूनच ना? म्हणजे जुनी हवा. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठाने २०२३ मध्ये दाखवलं, उत्तर अटलांटिकवर एखाद्या ठिकाणी तीव्र क्लिअर एअर टर्ब्युलन्स (ढग नसताना बसणारे धक्के) १९७९ मध्ये वर्षाला १७.७ तास होता, २०२० मध्ये २७.४. हवा बदलली आणि पुस्तक तेच?

जुना_स्ट्रेसवाला: तास वाढले म्हणून गस्ट मोठा झाला असं होत नाही हो. किती वेळा आणि किती जोरात, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. आणि ते आकडे मॉडेलमधून काढलेत, पंखाला सेन्सर लावून नाही.

लोहगावची_सून: मॉडेल-बिडेल राहू दे, मे महिन्यात दुपारच्या दिल्ली फ्लाइटने सासूबाईंना घेऊन आले, उतरताना असं काही आदळलं की त्यांचा चहा माझ्या मांडीवर. पूर्वी असं व्हायचं का?

जुना_स्ट्रेसवाला: व्हायचं, तेव्हा विमानात तुम्ही नव्हता. जमीन तापून हवा वर उसळते ती. निरभ्र हवेतले ते धक्के जेट स्ट्रीमजवळचे, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याजवळचे, त्याच्याशी हिचा काडीचा संबंध नाही.

सासवडकर: मुळात पुण्याचा लोहगाव विमानतळ एअरफोर्सचा, आपण तिथे पाहुणे. पुरंदरला विमानतळ झाला असता तर...

कुंभारवळणचा_पोरगा: झाला असता तर काय, धक्के कमी बसले असते? २०१६ पासून ऐकतोय. अंजीर-सीताफळाच्या बागा कुणाच्या जाणार, तुमच्या?

सासवडकर: पुण्याला विमानतळ नको का मग? भाव मिळाला की सगळे सही करतात.

कुंभारवळणचा_पोरगा: फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्याच्या बापाच्या जमिनीचा भाव काढू नका. आजोबांनी विहीर खोदली त्यात पावसाळ्यात अजून पोहतो आम्ही, तिची किंमत तुमच्या सातबाऱ्यात कुठल्या रकान्यात लिहितात सांगा.

सासवडकर: माझाही सातबारा आहे, दिवे गावात. उगाच फ्लॅट काढू नका.

वारा_खातोय: अहो, धागा गस्टचा आहे!! काका, मे २०२४ ची लंडन–सिंगापूर फ्लाइट घ्या. म्यानमारवर ०.६ सेकंदात जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत अंगावर येणारा जोर) अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला. तिथे वाढते ढग होते म्हणतात, म्हणजे निरभ्र हवेतलाच धोका नाही. एक अंश तापमान वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, मग वादळांना खाद्य मिळणारच की.

जुना_स्ट्रेसवाला: पंख मोडला का? नाही मोडला. ज्यांनी पट्टा लावला नव्हता ते वर फेकले गेले, ७३ वर्षांचे एक प्रवासी दगावले. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभारी आहे.

वारा_खातोय: आणि फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातू थकणं? विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं, धक्क्यांचा हिशोब पहिल्याच दिवशी गृहीत धरलेला. मध्यम धक्के वाढले तर तडे लवकर येतील की नाही, एवढंच सांगा.

जुना_स्ट्रेसवाला: ...फटीगचं बरोबर आहे. तपासणी लवकर लवकर करावी लागेल, खर्च वाढेल. हलक्या विमानांना जास्तच, पंखाच्या चौरस फुटामागे वजन कमी असलं की तोच गस्ट जास्त हलवतो. घ्या, झालं समाधान? पण "पंख मोडणार" हे लिहिणाऱ्याला अजून शून्य मार्क.

वारा_खातोय: काकांनी मान्य केलं! चितळे दुपारीही उघडे राहायला लागले तेव्हाही एवढं नवल वाटलं नव्हतं.

लोहगावची_सून: सासूबाई विचारतायत, पट्टा लावला तरी चहा सांडतो का?

जुना_स्ट्रेसवाला: सांडतो. उतरताना हातात कप धरून बसू नका म्हणावं.