पेपर सुटल्यावर: "तू काय टाकलंस?" (अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर, तुमचे अनुभव)

कांदेपोहे_जर्सी:
परवा लेकीचा एपी यूएस हिस्ट्रीचा (हायस्कूलमध्येच घ्यायचा, कॉलेजच्या तोडीचा अमेरिकेचा इतिहास) पेपर झाला. आणायला गेले तर अजून दोघी गाडीत घुसल्या. दार लागायच्या आत सुरू. "ते रेल्वेचं कार्टून?" "मी सी टाकलं." "सी?? अगं, ते पॉप्युलिस्टांचं होतं ना!" आरशात बघते तर एकीचा चेहरा पडलेला. मग माझी लेक, "शूऽ, बोलायचं नाहीये आपल्याला." नियमच आहे तसा, बहुपर्यायी प्रश्नांबद्दल कुणाशी कधीच बोलायचं नाही. कधीच म्हणजे म्हातारपणीही नाही. दोन मिनिटं शांतता. मग मागून हळूच, "पण सी कसं?"

मला एकदम २००५ आठवलं. नाशिकहून दहावी करून इथे आलेली मी. मराठेशाही तोंडपाठ, पण व्हिग कोण आणि व्हिस्कीवरून बंड कशाला, कशाचा गंध नाही. तेव्हा ८० प्रश्न, पाच-पाच पर्याय, आणि चुकलं की पाव गुण कापायचे. गुण कापतात हेच नवीन! घाबरून १९ कोरे सोडले. नंतर कॅफेटेरियात सगळ्या पेपर नॅपकिनवर उत्तरं मांडून बसल्या, आणि एकीने विचारलं, "मकरेकरचं काय टाकलंस?" मला वर्षभर वाटत होतं हे कुणाचं तरी आडनाव आहे. मयेकर, बांदेकर, मकरेकर. त्या दिवशी कळलं की ते भानगडी खणून काढणारे पत्रकार, आणि हे नाव थिओडोर रूझवेल्टच्या १९०६च्या भाषणामुळे चिकटलं. एक शब्द न बोलता फ्राइज खाल्ल्या.

तुमचे, तुमच्या मुलांचे असे किस्से लिहा. नियम मोडू नका हं ;)

खवचट_खान:
मकरेकर!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मूळचे कुडाळचे असावेत.

पुणे_ते_प्लेनो:
लेकाचा २०१८चा पेपर. सात कागदपत्रं देतात त्यावरचा निबंध, विषय १८६५ ते १९१० मध्ये अमेरिकेचा जगातला वावर का वाढला. बाहेर आला तो खुशीत. अलास्का, हवाई, १८९८चं स्पेनशी युद्ध, फिलिपिन्स, सगळं घातलं म्हणे. रात्री मित्राचा फोन आला आणि हा पांढराफटक. प्रश्नात कारणांचं 'सापेक्ष' महत्त्व विचारलं होतं, याने नुसती कारणं ओळीने मांडली. जेवला नाही त्या दिवशी. मी काय समजावणार, आपण 'कारणे द्या' म्हटलं की द्यायचो. त्यातलं कुठलं मोठं हे आपल्याला कोणी विचारलं होतं? जुलैत ४ आला. त्या निबंधाला किती मिळाले ते कळत नाही, एकच आकडा येतो, १ ते ५.

सई_सॅन_होजे:
इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हा विषय घ्यायलाच हवा का? मुलगी दहावीत आहे. फार लिहावं लागतं म्हणतात.

पुणे_ते_प्लेनो:
@सई, कॉलेजवर आहे, क्रेडिट (म्हणजे तिथे तो विषय परत घ्यावा लागत नाही) कोण देतं ते आधी बघा. लिहावं लागतंच. सव्वातीन तासांचा पेपर, त्यात बहुपर्यायीला जेमतेम ५५ मिनिटं.

आजीबाईंचा_बटवा:
आमचं २०२०. मी सातारहून सहा महिन्यांसाठी आले आणि अडकले. पेपर घरून, ४५ मिनिटं, एकच निबंध, कागदपत्रंही सातची पाच केलेली. नातवाने मला राउटरपाशी खुर्ची टाकून बसवलं, कोणी वायरीला पाय लावू नये म्हणून. जावईबापूंना मी पाऊण तास स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. पेपर झाल्यावर पोर खोलीतून बाहेर आलं आणि नुसतं उभं राहिलं. उत्तर ताडून बघायला मित्र नाही, व्हरांडा नाही, काही नाही. मलाच म्हणाला, "आजी, बरं गेलं असेल ना?" मी म्हटलं चांगलंच गेलंय. काय कळतंय मला.

कांदेपोहे_जर्सी:
आजी ❤️

ओम_२१:
हाय, मी इथे जन्मलो, मराठी चुकलं तर सांगा. आम्ही उत्तर मॅच नाही करायचो, निबंध मॅच करायचो. तीनपैकी एक निवडायचा असतो. मी यादवी युद्धानंतरचा काळ घेतला आणि त्यात जोतीराव फुले लिहिले. आबांनी सांगितलेलं की १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाहेर आल्यावर मित्र म्हणाले, "ब्रो, हे मोजणारच नाहीत, ते इंडिया आहे." मी म्हटलं अर्पण अमेरिकेला आहे ना! पार्किंग लॉटमध्ये अर्धा तास भांडण. ५ आला. पण फुल्यांमुळे आला का फुल्यांना धरून आला माहीत नाही.

खवचट_खान:
"फुल्यांना धरून" सुधारू नकोस, छान आहे ते. (तुला 'असूनही' म्हणायचं होतं.)

पमाकाका:
ओम, शाब्बास रे. मी असतो तर पैकीच्या पैकी.

नलूताई_शिकागो:
शाळेचं नाही, पण आमचाही अमेरिकेच्या इतिहासाचाच पेपर. सिटिझनशिपचा. १०० प्रश्नांतले १० विचारायचे, ६ आले की पास. (आता वाढवलेत, २० विचारतात आणि १२ यावे लागतात.) मी आणि हे एकाच दिवशी. मला सहा विचारले, सहाही बरोबर, ऑफिसर म्हणाली पुरे. ह्यांना सात. गाडीत बसल्याबरोबर मी, "कुठला चुकला?" सांगेनात. घरापर्यंत सांगितलं नाही. चार दिवसांनी भाजी चिरताना म्हणाले, "पहिल्या महायुद्धात अध्यक्ष कोण होता गं?" मी म्हटलं वुड्रो विल्सन. "हां," म्हणाले, आणि गेले बाहेर.

खवचट_खान:
काकांनी कोणाचं नाव घेतलं होतं पण?

नलूताई_शिकागो:
लिंकन 😄 म्हणे घाईत पहिलं तेच आलं.

सई_सॅन_होजे:
अवांतर: पेपरला निघताना दही-साखर देता का कोणी? माझी मुलगी म्हणते डेअरीने झोप येते.

आजीबाईंचा_बटवा:
चमचाभराने कसली झोप येते गं. हातावर दे.

पमाकाका:
दही घरचं असेल तरच. इथलं ते ग्रीक का काय ते नको, साखर विरघळत नाही त्यात.

कांदेपोहे_जर्सी:
धागा काढून गायब झाले, सॉरी, पोळ्या राहिल्या होत्या. लेकीला मकरेकर वाचून दाखवलं. हसून झाल्यावर विचारते, "मग त्या प्रश्नाला तू टाकलं काय होतंस?"
मी म्हटलं, बहुपर्यायी होता, बोलायचं नाही.
(कोरा सोडला होता.)