टिपरला जास्तीचे आरसे लावायचेत, डाव्या बाजूचं काही दिसतच नाही, कुठले आणि कुठे लावू?

उसगावचा_टिपर
नमस्कार मंडळी. घरचे टिपर आहेत, दहाचाकी, एक मी स्वतः चालवतो आणि दुसऱ्यावर ड्रायव्हर आहे. आधी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा, वळताना तो डाव्या दारातून डोकं बाहेर काढून बघायचा, कोणी आत शिरलं की पत्र्यावर थाप मारायचा आणि आम्ही जागच्या जागी ब्रेक दाबायचो. आता क्लीनर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, म्हणजे त्या बाजूला बघायला माणूसच नाही. फोंड्यात नाहीतर कुंडईला डावीकडे वळताना स्कूटरवाला मागच्या आरशात दिसतो, मग पुढे येता येता एकदम गायब होतो, आणि परत दिसतो तो थेट बंपरच्या पुढे. मधल्या वेळात तो नक्की कुठे असतो तेच कळत नाही आणि मला खरंच भीती वाटते, कारण वर हौद्यात माल भरलेला असतो.
कंपनीचा एक लांबट आरसा आहे आणि त्याच्याखाली एक लहान फुगीर. ते चिकटवायचे दोन इंची गोल आरसे मिळतात ते लावू का ब्रॅकेटवाले मोठे? आणि एकूण किती? पावसाआधी काम उरकायचंय.

अनमोड_लाईन
दादा, दोन इंची चिकटवायचा ड्रायव्हर साईडला चालेल, क्लीनर साईडला पैसे वाया. तुमच्या डोळ्यापासून डावा आरसा दोनेक मीटर लांब असतो, तेवढ्या लांबून त्या टिकलीएवढ्या काचेत अख्खी स्कूटर म्हणजे एक ठिपका, आणि गाडी हलत असताना तो ठिपका कोणाला दिसणार. त्या बाजूला फुगीर आरसा मोठाच हवा.
तुमचा स्कूटरवाला गायब होतो तो डाव्या दाराच्या अगदी खाली, पुढच्या चाकाजवळ. लांबट आरसा मागचं दाखवतो, खालचा फुगीर बाजूची लेन दाखवतो, पण दाराला चिकटून जी पट्टी आहे ती दोघांतही येत नाही. तिच्यासाठी दाराच्या वर, काचेच्या चौकटीच्या वरच्या बाजूला, खाली तोंड केलेला आरसा लावतात. दुसरा पुढे, विंडशील्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढलेला, जो बंपरच्या समोरची जमीन दाखवतो, स्कूल बसला असतो तसा. सपाट तोंडाच्या केबिनमध्ये आपण इतके उंच बसतो की बंपरला लागून एखादं पोर उभं असलं तर ते दिसतच नाही. युरोपात मोठ्या ट्रकांना हे दोन्ही आरसे सक्तीचे आहेत, आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्यांना नसतात म्हणून बाहेरून लावून घ्यावे लागतात.
तेवढे दोनच वाढवा, त्याच्यावर नको. मी एका गाडीवर एकाच खांबाला चार आरसे एकाखाली एक लावलेले बघितलेत, त्या सगळ्याच्या आड सर्कलमध्ये उजवीकडून येणारी अख्खी मोटरसायकल लपते. केबिनचा खांब आणि आरसा यांच्यात बोटभर नाही, चांगली वीतभर फट पाहिजे, आणि सर्कलला शिरताना सीटवरच पुढे-मागे वाकून त्या फटीतून बघायचं. शिवाय प्रत्येक आरसा म्हणजे एक नजर, चाळीसच्या स्पीडला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, सहा आरसे वाचत बसलो तर समोर कोण बघणार?

डिचोली_गॅरेज
वरचं सगळं बरोबर, फिटिंगचं मी सांगतो कारण लोक आरसा महाग घेतात आणि ब्रॅकेट भंगारातला लावतात. आरसा हलला की त्यात दिसणारं सगळं धूसर, मग असून नसून सारखा. लांब दांडीचा एकाच जागी पकडलेला ब्रॅकेट अजिबात घेऊ नका, वर आणि खाली दोन्हीकडे आधार पाहिजे. दाराच्या नुसत्या पत्र्यावर वेल्डिंग करू देऊ नका, पत्रा पातळ असतो, खडीच्या रस्त्यावर काही दिवसांत चीर जाते आणि मग त्या चिरेतून पाणी आणि गंज. आतून पट्टी देऊन बोल्ट मारायचा, नायलॉकचे नट (आत नायलॉनची कडी असते, थरथरीने ढिले होत नाहीत) आणि रबरी वॉशर घालायचे, त्याने थरथर बरीच कमी होते. ब्रॅकेट दुमडणारा घ्या, साखळी-डिचोलीच्या आतल्या रस्त्यांना समोरून बस आली की आरशाला आरसा घासतो, फांद्या तर आहेतच, दुमडला तर वाचतो नाहीतर महिन्याला नवीन काच.
कॅमेरा लावायचा विचार आला तर एक लक्षात ठेवा, तुमच्या टिपरचं वायरिंग २४ व्होल्टचं आहे, कारसाठी येणारे स्वस्त कॅमेरे १२ व्होल्टचे असतात, ते डायरेक्ट जोडले की जळतात. कॅमेरा मागच्या बाजूला उत्तम, कारण हौद्याच्या मागे कुठलाच आरसा बघू शकत नाही. पण लाल धुळीत त्याची भिंग सकाळ-संध्याकाळ पुसावी लागते.

वेर्णा_शिफ्ट
मी स्कूटरवाली, फोंड्याहून बोरीमार्गे वेर्ण्याला कामाला जाते, रोज तुमच्याच गाड्यांच्या बाजूने. हा प्रश्न एक ट्रकवाला स्वतः विचारतोय हे बघून बरं वाटलं. आमच्या बाजूचंही सांगते दादा. लायसन्स काढताना आठ काढून दाखवला, पण मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला आपण दिसत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते मला एका बसड्रायव्हर काकांनी सांगितलं, की आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस असं समजायचं. तेव्हापासून मी डावीकडून पुढे काढतच नाही, मागे थांबते.
दुसरं म्हणजे तुम्ही डावीकडे वळायच्या आधी गाडी उजवीकडे ओढता ना, ते आम्हाला असं वाटतं की आम्हाला जागा दिली. सगळे स्कूटरवाले त्याच फटीत घुसतात आणि मग तुमची मागची चाकं आतून कापत येतात. मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, बरीच आतून जातात, हे दुचाकीवाल्यांना माहीत नसतं. म्हणून हात जोडून सांगते, डावा इंडिकेटर खूप आधी लावा, उजवीकडे ओढायच्याही आधी. आणि तो चिखलाने बुजलेला असतो तो पुसा, पावसात निम्म्या गाड्यांचा दिसतच नाही. बाजूचे साईड गार्ड वाकले म्हणून काढून टाकू नका, एखादी पडलीच तर तेच तिला चाकाखाली जाऊ देत नाहीत.

उसगावचा_टिपर
ताई, इंडिकेटरचं आजच ड्रायव्हरला सांगतो, आम्ही तो वळताना लावतो, ओढायच्या आधी लावायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. साईड गार्ड दोन्ही गाड्यांना आहेत, एकाचा वाकलाय तो सरळ करून घेतो.
दाराच्या वरचा आणि पुढचा, दोन्ही ऑर्डर करतोय. आता ते नीट सेट कसे करायचे? आमच्याकडे ड्रायव्हर दोन, उंची वेगवेगळी.

अनमोड_लाईन
जो चालवणार त्याने आपल्या नेहमीच्या सीटवर बसून सेट करायचं, बाहेर उभं राहून नाही. लांबट आरशाच्या आतल्या कडेला हौद्याची बारीक पट्टी दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. दाराच्या वरच्या आरशात पुढचं चाक आणि त्याच्या बाजूची जमीन. मग मोकळ्या जागेत गाडी बंद करून उभी करा आणि कोणालातरी स्कूटर ढकलत गाडीभोवती हळूहळू फिरायला लावा. जिथे दिसेनाशी होईल तिथे हॉर्न वाजवा, त्याने जमिनीवर खडूने रेघ मारायची. शेवटी खाली उतरून बघा, किती जागा आंधळी आहे ते डोळ्यांनी दिसतं, आणि आरसा थोडा वळवून ती किती कमी होते तेही. हे दोन्ही ड्रायव्हरांनी वेगवेगळं करायचं आणि बदली झाली की निघायच्या आधी आरसे परत बघायचे. फुगीर आरशात गाडी लांब वाटते पण ती जवळ असते, त्यामुळे त्यात फक्त कोणी आहे की नाही एवढंच बघा, किती लांब आहे ते सपाट आरशातच ठरवा.
पावसाचं एक राहिलं. आरसा पुसला तरी बऱ्याचदा मधली दाराची काच ओली असते, आपण आरसा बघतो तो त्या काचेतूनच, म्हणून डावी काच आतून-बाहेरून दोन्हीकडून साफ पाहिजे. जुने ड्रायव्हर तंबाखू चोळतात, पाणी थेंब न धरता घसरून जातं, मी अजून तेच करतो. डाव्या दारात खाली छोटी काच असेल तर तिच्यासमोर जेवणाचा डबा, ताडपत्री, दोर काही ठेवू नका आणि स्टिकर असेल तर आजच खरवडून काढा. आणि विंडशील्डच्या वरची झालर, देवाचे हार डाव्या कोपऱ्यात असतील तर मध्ये वर सरकवा, पुढचा आरसा तुम्ही त्याच कोपऱ्यातून बघणार आहात.

डिचोली_गॅरेज
ऑर्डर करताना काचेचा आकार आणि दांडीची जाडी दोन्ही मोजून सांगा, नाहीतर क्लॅम्प बसत नाही. आणि एक काच जास्तीची मागवून केबिनमध्ये ठेवा.