पोट मुलीचं दुखतंय, मग समुपदेशनाला अख्ख्या घराला का बोलावलंय?

मायक्रोमीटर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला, पाथर्डी फाट्याला राहतो. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला, बायको पतसंस्थेत. मुलगी 12 वर्षांची, सातवीत. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आई निफाडहून आमच्याकडे आलीय.

जूनपासून मुलीचं पोट दुखतं. शाळेची रिक्षा यायच्या अर्धा तास आधी सुरू होतं आणि रिक्षा निघून गेली की दहाच्या सुमारास थांबतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा. जंताच्या गोळ्या झाल्या, रक्त-लघवी झाली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. आईने बेंबीला हिंग लावला, ओवा चावायला दिला, दोनदा दृष्टही काढली. दिवाळीनंतर बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "दुखतंय हे खरं आहे, पोरगी नाटक करत नाही. पण कारण पोटात सापडत नाही." आणि त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

मॅडम बऱ्या वाटल्या. मुलीशी वीस मिनिटं बोलल्या, आमच्याशी वीस. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी चौघं या, आजींनाही आणा. मी विचारलं, "मॅडम, आजारी नक्की कोण आहे?" तर म्हणाल्या, "आजारी कोणी आहे असं मला अजून तरी वाटत नाही. मला तुमचं एकमेकांशी काय चाललंय ते बघायचंय."

माझी अडचण इथे आहे. चौघांची भेट दीड तासाची, 1800 रुपये. मुलीची एकटीची 1200. पैशाचं सोडा, पण दुखणं एकीचं आणि तपासणी चौघांची हे डोक्यात बसत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी काय वेडी आहे? का माझ्यामुळे पोरीचं पोट दुखतं असं म्हणायचंय त्या बाईला?" बायको मात्र एका शब्दात तयार झाली. खरं सांगू, तिच्या त्या लगेच तयार होण्याचीच मला जास्त धास्ती वाटतेय.

आमच्यात भांडण नाही, हे आधीच सांगतो. आवाज चढत नाही कोणाचा. मार्चपासून निफाडच्या घराच्या वाटणीवरून एक विषय आहे, त्यामुळे बोलणं थोडं कमी झालंय इतकंच. म्हणजे रात्री मी टीव्हीसमोर असतो आणि आतून मुलगी येऊन विचारते, "मम्मी विचारतेय, पोळ्या किती?" मी तिला सांगतो, ती आत जाऊन सांगते. हे काही आजारपण नव्हे.

असं सगळ्या घराला बसवून कोणाला गुण आलाय का? की आधी मुलीचंच नीट करून घ्यावं?

कडू कारलं

भाऊ, आधी शाळा बघा. माझ्या भाच्याचं असंच पोट दुखायचं. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांवर खापर फोडून झालं, आणि शेवटी कळलं की शाळेतल्या संडासाला कडी नव्हती. पोरगं सकाळपासून रोखून धरायचं. कडी बसली, पोट थांबलं. ना वडील जबाबदार, ना आजी.

रिक्षात कोण बसतं, वर्गात शेजारी कोण, कुठल्या बाई ओरडतात, हे विचारलंत का? सातवीच्या मुलींमध्ये एकीला वाळीत टाकायचे प्रकार चालतात.

आणि त्या मॅडमचं शिक्षण विचारा. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला आपल्याकडे कोणी अडवत नाही, पंधरा दिवसांचा कोर्स करूनही लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो मागायला लाजू नका. गेज घेताना कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागताच ना?

वॉर्ड सात

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी 26 वर्षं सामाजिक कार्यकर्ती होते, आता निवृत्त. तुमचं पोळ्यांचं वाक्य वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले.

कारल्यांनी शाळेचं लिहिलंय ते अगदी बरोबर. ते तपासाच. पण चौघांना बोलावणं हा फी वाढवायचा डाव नाही, आणि अमेरिकेतून काल आलेली फॅशनही नाही. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं होतं. रुग्ण खूप, माणसं अपुरी, त्यात नातेवाईक जवळ राहिले की रुग्ण लवकर सुधारून घरी जात. वेल्लोरलाही कुटुंबासकट राहण्याची पद्धत पडली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर कुटुंब-मानसोपचाराचा वेगळा विभागच आहे. आणि साधारण अमृतसरच्याच काळात मरे बोवेन हे मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत रुग्णाबरोबर आईबापांनाही वॉर्डात ठेवून बघत होते.

बोवेन यांचं एक म्हणणं मी रोजच्या कामात वापरत आले. दोन माणसांमधला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला की ती नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात. ताण निवत नाही, नुसता वाटला जातो. तिसरं माणूस बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात जाणतं पोर असतं. तुमच्याकडे "पोळ्या किती" विचारायला ते आत-बाहेर करतं. तुम्ही लिहिलंय भांडण नाही. बरोबर, भांडणाला दोघांनी समोरासमोर यावं लागतं.

कुटुंबांवर उपचार करणारे साल्वादोर मिनुचिन यांच्या गटाचा 1970च्या दशकातला एक प्रयोग आहे. मधुमेही मुलं काचेपलीकडून आईबापांचा वाद बघत आणि त्या वेळी त्यांच्या रक्तातली मेदाम्लं (ताणाची खूण म्हणून) मोजली जात. वाद बघता बघता ती काही मुलांमध्ये वाढली. मूल खोलीत आलं की आईबापांचा ताण उतरे, मुलाचा मात्र तसाच राही. प्रयोग छोटा होता, पुढे त्यावर टीका झाली, आणि आईबापांनाच दोषी ठरवायची खोड त्यातून काहींना लागली. तेव्हा तो देवघरात ठेवू नका. पण मनातलं अंगावर उतरतं, हे मी वॉर्डात इतक्यांदा पाहिलंय की मला त्यासाठी रक्त काढायची गरज वाटत नाही.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे आजींची भीती जाईल. कोण कुठे बसतं हे मॅडम गुपचूप बघतील. बहुधा तीन पिढ्यांची वंशावळ काढतील, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. त्यात तुमच्या वडिलांचा चौकोन येईल. त्यावर फुली पडते तेव्हा खोलीत काय होतं, तिकडे लक्ष असू द्या, दोन वर्षं म्हणजे फार नव्हेत. आणि प्रश्न तिरके येतील. तुम्हाला तुमच्याबद्दल न विचारता विचारतील, "आई गप्प बसल्या की बायको काय करते?" दोघांमधलं तिसऱ्याला विचारायचं, ही यातली खरी मेख. चोख उत्तर सापडतं ते बहुतेक वेळा ज्याला कोणी कधी विचारलेलंच नसतं त्याच्याकडे.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. कोणी एकटं भेटून काही सांगितलं तर ते बाकीच्यांपासून लपवलं जाईल की नाही? प्रत्येकाचा नियम निराळा असतो, तो पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरलेला बरा.

आणि आईंना "तपासायला चला" म्हणू नका. "पोरीला दिवसभर तूच बघतेस, मॅडमना तुझ्याकडून ऐकायचंय" म्हणा. तेच खरंही आहे.

आंबट वरण

आम्ही नवरा-बायको सात महिने जात होतो, डोंबिवलीहून दादरला, शनिवारी. त्याआधी वर्षभर मी एकटी दुसरीकडे जायचे. तिथे बाई फार छान ऐकायच्या. इतकं छान की वर्षाच्या शेवटी नवरा पक्का खलनायक झाला होता, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. बाईंची चूक म्हणत नाही. एकाच कानाने ऐकलं तर असंच ऐकू येणार.

जोडीने गेल्यावर तिसऱ्या भेटीत थेरपिस्टने फळ्यावर एक गोल काढला. मी ओरडते म्हणून हा गॅलरीत झाडांना पाणी घालायला जातो, हा गॅलरीत जातो म्हणून मी ओरडते. जोडप्यांच्या थेरपीतल्या सू जॉन्सन यांच्या पद्धतीत या गोलालाच शत्रू मानतात, दोघांपैकी कोणाला नाही. मला ते पुस्तकी वाटलं होतं. पण नवरा म्हणाला, "तू ओरडलीस की मला वाटतं मी काहीही केलं तरी नापासच," आणि मी चौदा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं त्याला फरकच पडत नाही. अजूनही भांडतो. पण झाडं आता रोजच्या वेळेलाच पाणी पितात.

एक महत्त्वाचं, धागाकर्त्यासाठी नव्हे पण वाचणाऱ्या बायकांसाठी. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, तर जोडीने बसू नका. माझ्या बहिणीला कोणीतरी "दोघं मिळून या" सांगितलं, ती आत खरं बोलली आणि त्याची किंमत तिने रात्री घरी मोजली. तिथे आधी बाईची सुरक्षितता, नातं मग. चांगला थेरपिस्ट म्हणूनच दोघांना आधी वेगवेगळं भेटून हे विचारून घेतो.

रात्रपाळी

बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. नुसतं एवढंच: वजन घटणं, दुखण्याने रात्री झोपेतून उठणं, शौचातून रक्त, ताप, सारख्या उलट्या यातलं काही दिसलं तर समुपदेशन चालू असलं तरी डॉक्टरांना परत दाखवा. एकदा नॉर्मल म्हणजे कायमचं नॉर्मल नव्हे. आणि ज्यांना 1800 परवडत नाहीत त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलतात.

कडू कारलं

@वॉर्ड सात, पटलं. तरी मी कडीवर ठाम आहे.

मायक्रोमीटर

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. नोंदणी क्रमांक मागितला, मॅडमनी हसत भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. मग चौघं गेलो. वॉर्ड सात ताईंनी सांगितलेलं वाक्य आईला जसंच्या तसं म्हटलं, तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याआधी दारात उभी.

आत पाच खुर्च्या होत्या. मी एका टोकाला, बायको दुसऱ्या, मुलगी मधोमध. कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण ताई, तुमचं वाचून गेल्यामुळे मला घाम फुटला.

वडिलांच्या चौकोनावर फुली पडली तेव्हा आई नाही रडली, मी रडलो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

मग मॅडमनी आईला विचारलं, "आजी, हिचं पोट दुखतं त्या दिवशी घरात वेगळं काय असतं?" आईने जराही विचार केला नाही. म्हणाली, "त्या दिवशी ही दोघं बोलतात की. तू डॉक्टरला फोन कर, मी उशिरा जातो, पाणी तापव, पिशवी कुठंय. एरवी स्वयंपाकघरात एक आला की दुसरा बाहेर. त्या दिवशी दोघं ओट्यापाशी असतात."

मुलगी पायातला मोजा वरखाली करत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मार्चनंतर असं सरळ पहिल्यांदाच असेल.

मी घरी येताना बाइकवर एकच विचार करत होतो. आमच्याकडे पातळ भिंतीची एक रिंग लेथवर होते. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जास्त आवळली तर बोअर, म्हणजे आतलं भोक, मशीनवर मोजताना बरोबर गोल दाखवतो आणि चक सोडला की ओव्हल होतो. नवीन पोरं परत परत तीच रिंग मोजत बसतात, आणि मी त्यांना ओरडतो की अरे, आवळलंय किती ते बघ. वीस वर्षं ओरडतोय.

कारले भाऊ, तुम्हीही जिंकलात. कडी आहे, पण मधल्या सुट्टीत ती एकटी डबा खाते, असं निघालं. जुनी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेलीय. वर्गशिक्षिकांशी बायको बोलली, त्यांनी जागा बदलून दिली. म्हणजे नुसतं घराचंच होतं असंही नाही. मॅडम तेच म्हणाल्या, शाळेतलं ती घरी बोलली नाही कारण घरात निरोप न्यायला तीच होती, तिचा निरोप न्यायला कोणी नव्हतं.

पोट थांबलंय का? या पाच आठवड्यांत चारदा दुखलं. आधीच्या मानाने कमी. मॅडम म्हणतात मोजदाद करू नका. मी क्वालिटीतला माणूस, वहीत लिहितोच.

पुढची भेट आम्हा दोघांचीच आहे, त्यात निफाडचं घर येणार. मला आत्ताच पोटात गोळा येतोय. मधल्या काळात घरचा अभ्यास एकच दिलाय, मुलीकरवी कुठलाही निरोप पाठवायचा नाही. पहिल्या रात्री मी स्वतः उठून स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "मला तीन पोळ्या." बायको म्हणाली, "आज खिचडी आहे."