दुसऱ्या लॅबमध्ये शिकायला जाणं म्हणजे सहल?

गोदाकाठ
एका निवृत्त प्राध्यापकांनी परवा लिहिलं, की तरुण संशोधकांना दुसऱ्या प्रयोगशाळेत जायला मिळणारं प्रवास अनुदान म्हणजे फुकटची सहल. त्यापेक्षा त्या पैशातून मराठवाड्यातल्या विद्यापीठांना यंत्रं घेऊन द्या. वाचून डोकं तापलं. सर, कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स ही ब्रिटनमधली ना-नफा संस्था आहे. ती पीएचडी आणि पोस्टडॉकवाल्यांना, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांना, ३,००० पौंडांपर्यंत देते. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची मदत तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी असते आणि २०१६ पासून भारत तिथे सहयोगी सदस्य आहे. मुलं गेली नाहीत म्हणून हे पौंड काही परभणीत यंत्र होऊन उतरणार नाहीत.

आणि शिकणं कशाला म्हणतात? ज्वारीचं टिश्यू कल्चर करणाऱ्याला, म्हणजे तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोप वाढवणाऱ्याला विचारा. तुकड्यातून फिनॉल नावाची रसायनं सुटतात, वाढीचं माध्यम तपकिरी होतं, कॅलस (पेशींचा गोळा) काळा पडून मरतो. शोधनिबंधात त्यावर चार ओळी असतात. तुकडा केवढा घ्यायचा, कोणता रंग दिसला की हलवायचा, हे ज्याच्या हाताला जमतं त्याच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

हिशोबी
सरांचं म्हणणं तुम्ही अर्धंच घेतलं. आमच्या विभागातला एक जण असाच युरोपात गेला. पुढे तिथेच पोस्टडॉक मिळाली, परत आलाच नाही. विभागाला काय मिळालं? इथे नमुने ठेवायला उणे ऐंशी अंशांचा धड चालणारा फ्रीजर नाही. शिकून आलेला हात इथे काय करणार?

परभणीची लेक
यंत्रांचं कौतुक पुरे. आमच्याकडे चांगला मायक्रोस्कोप आहे, कव्हरखाली. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली, नवी करायला पैसे नाहीत. यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या. इंजिनिअर मुंबईहून येणार, त्याचं भाडं खर्चाच्या कोणत्या हेडमधून द्यायचं यावर फाईल फिरतेय. चालवणाऱ्याची जागाच भरलेली नाही. माझे सेक्शन (नमुन्यांचे पातळ काप) मी बसमध्ये मांडीवर डबा धरून पुण्याला नेले.

हिशोबी
मग जागा भरा म्हणून भांडा ना. परदेशाची तिकिटं कशाला मागता?

नांदेडहून
तुमची दोघांचीही पोटं भरलेली दिसतात. मला अनुदान मंजूर झालं होतं, मी गेलो नाही. आधी खिशातून खर्च करा, परत आल्यावर बोर्डिंग पास जोडा, मग पैसे मिळणार. तिकीट, विमा, व्हिसाची फी, त्यासाठी मुंबईची खेप. खात्यात शिल्लकही दाखवायची. तेव्हा फेलोशिप कित्येक महिने थकलेली. बाप म्हणाला सोयाबीन विकतो. भाव पडलेला होता. मी नको म्हणालो.

लातूरकर
हे कोणीच लिहीत नाही! आमच्या मैत्रिणीचा एक बोर्डिंग पास हरवला, तेवढ्यावरून सगळं बिल परत आलं.

हिशोबी
अ‍ॅडव्हान्सची तरतूद असते. अर्ज करायचा असतो. बापाच्या सोयाबीनचा इथे काय संबंध?

नांदेडहून
कामून नाही संबंध? अर्ज दिला होता. अकाउंट सेक्शनला म्हणाले, आधी खर्च दाखवा. जो आधीच खर्च करू शकतो त्यालाच मदत, असं हे अनुदान आहे. तुम्ही पगारावर बसून तरतुदी वाचा.

हिशोबी
पगारावर बोलायचं काम नाही. मीही कोरडवाहूचाच आहे.

परभणीची लेक
मग तर तुम्हाला आधी कळायला हवं होतं. मुलींचं तर याहून अवघड. पैसे जमले तरी अनोळखी गावात राहायची सोय काय, इथूनच घरचे नाही म्हणतात. अनुदानाच्या पत्रासोबत होस्टेलच्या खोलीचं पत्र आलं तर निम्मं भांडण मिटेल.

गोदाकाठ
नांदेडहून, तुमचं बरोबर आहे. पैसे आधी हातात पडले पाहिजेत, ही मागणी पहिली. दुसरं, ‘दुसरी प्रयोगशाळा’ म्हटलं की सगळे विमानच का धरतात? इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था हैदराबादजवळ पाटणचेरूला आहे, परभणीहून रात्रीच्या रेल्वेने जाता येतं. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ साली आली ती इक्रिसॅट आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एकत्र कामातून. अशा ठिकाणी तीन आठवडे राहायचं तर भाडं, खोली आणि जेवण एवढाच खर्च. तेवढी रक्कम विद्यापीठ स्वतःच्या निधीतून आगाऊ देऊ शकत नाही?

हिशोबी
परदेशी संस्थेचा पैसा आपल्याकडे वळला नसता, एवढं मान्य. पाटणचेरूलाही हरकत नाही. पण परत येऊन विभागातल्या चौघांना शिकवीन, असं लिहून घ्या. त्याशिवाय माझा विरोध कायम.

परभणीची लेक
लिहून देते. मायक्रोस्कोपचं कव्हर काढायची तारीख तुम्ही लिहून द्या.

लातूरकर
ते चालू द्या. मला खरंच अर्ज करायचाय. यजमान लॅबचं पत्र मागायचं कसं? दोन मेल पाठवले, उत्तर नाही.

गोदाकाठ
‘तुमच्याकडे शिकायचं आहे’ एवढंच लिहू नका. कोणतं तंत्र, तुमचा प्रयोग कुठे अडलाय, किती आठवडे लागतील आणि खर्च कोण देणार, हे पहिल्या पाच ओळींत सांगा. फसलेल्या प्रयोगाचा फोटो जोडा. मसुदा इथे टाका, आज रात्री बघतो.